चौलची बेवारस लढाई

१५०८ च्या मार्च महिन्यात कुंडलिकेच्या मुखाशी, म्हणजे आजच्या रेवदंडा आणि कोर्लईच्या मधल्या पाण्यात, एक पोर्तुगीज जहाज मासेमारीसाठी रोवलेल्या खुंटांवर जाऊन अडकलं. गोळा लागून तळाला भोक पडलं होतं, आत पाणी चढत होतं आणि ओहोटी लागली होती. बाकीची जहाजं ओहोटीबरोबर बाहेर निसटली. या एकाला दोर लावून ओढायचा प्रयत्न झाला, तो फसला. जहाजावर पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रांसिस्को द आल्मैद याचा तरुण मुलगा लोरेंसो होता. एका गोळ्यानं त्याचा पाय गेला, तरी डोलकाठीला टेकून तो हुकूम देत राहिला. दुसऱ्या गोळ्यानं तो संपला. वास्को द गामा कालिकतला उतरल्याला तेव्हा दहा वर्षं होत आली होती. त्या दहा वर्षांत या समुद्रावर पोर्तुगीजांचा इतका मोठा पराभव झाला नव्हता.

हे घडलं आपल्या रायगड जिल्ह्यात. अलिबागला सुट्टीला जाणाऱ्यांच्या गाड्या ज्या रस्त्यानं पुढे मुरूडकडे जातात, त्या रस्त्यावरून ती खाडी दिसते. तरी ही लढाई मला शाळेत कुणी सांगितली नाही, कॉलेजात नाही, आणि माझ्या ओळखीतल्या इतिहासप्रेमी म्हणवणाऱ्यांतल्या फारच थोड्यांना ठाऊक आहे. गडकोटांवर दर रविवारी जाणारी, बुरुजांची संख्या तोंडपाठ असणारी मंडळीही कोर्लईवर उभी राहून समोरच्या पाण्याकडे बघतात ते सूर्यास्तासाठी.

का, हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. या लढाईला आज कुणी वारस नाही.

जिंकणारे कोण होते पाहा. एक होता अमीर हुसेन, कुर्द वंशाचा, इजिप्तच्या मामलूक सुलतानानं पोर्तुगीजांवर धाडलेल्या आरमाराचा प्रमुख. दुसरा मलिक अयाज, गुजरातच्या महमूद बेगड्याचा दीवचा सुभेदार, मूळचा परदेशातून आलेला गुलाम. लढाई झाली ती अहमदनगरच्या निजामशहाच्या बंदरात, आणि निजामशहा बाजूला उभा राहून बघत होता. आज यांतल्या कुणाच्या नावानं चौकात पुतळा उभारायचा? कोणता पक्ष जयंती साजरी करणार? महाराष्ट्रात भूतकाळावर हक्क सांगायला वंशावळ लागते, आणि इथं ती जुळत नाही. ज्या खुंटांवर जहाज अडकलं ते रोवणाऱ्या माणसांची नावं तर कुठल्याच कागदावर नाहीत.

शिवाय हा विजय वर्षभरही टिकला नाही. मुलाच्या मृत्यूनं पेटलेला आल्मैद निघाला. ज्यानं पिल्लू खाल्लं त्यानं आता कोंबडाही खावा, असं वाक्य इतिवृत्तकारांनी त्याच्या तोंडी घातलं आहे. वाटेत, १५०८ च्या डिसेंबरअखेर, त्यानं दाभोळ जाळलं. दाभोळ आदिलशाही बंदर, चौलच्या लढाईशी त्याचा काही संबंध नव्हता. पण वाटेत होतं, श्रीमंत होतं. तिथं बायकामुलांसह जी कत्तल झाली तिची दहशत अशी बसली की दाभोळवर कोसळला तसा फिरंग्यांचा कोप तुझ्यावर कोसळो, असा शापच पुढे रूढ झाल्याचं जुने लेखक नोंदवतात. ३ फेब्रुवारी १५०९ ला दीवच्या तोंडाशी मामलूक, गुजराती आणि कालिकतचा राजा सामुतिरी याची जहाजं त्यानं बुडवली. मलिक अयाज हुशार. आपलं बंदर वाचवण्यासाठी तो अर्ध्या मनानंच लढला, आणि चौलला पकडलेले पोर्तुगीज कैदी त्यानं चांगले कपडे चढवून परत केले. पकडलेल्या मामलूक शिपायांतले काही परतीच्या वाटेवर तोफेच्या तोंडी गेले.

हरलेली बाजू इतिहास लिहीत नाही, हे खरं. पण ते इथं पुरेसं नाही. पानिपत आपण हरलो, आणि पानिपतावर मराठीत जेवढं लिहिलं गेलं तेवढं क्वचितच कशावर असेल. म्हणजे हरणं हा विसरण्याचा नियम नव्हे. आपलं माणूस हरलं तर ते आपण पिढ्यान्‌पिढ्या उगाळतो.

मग चौल कुणाचं?

यावर ठरलेलं उत्तर येतं: निजामशाही काय आणि पोर्तुगीज काय, दोन परक्यांचं भांडण, आपल्याला काय त्याचं? हे उत्तर मी चांगल्या शिकलेल्या माणसांकडून ऐकलं आहे, आणि ते निव्वळ द्वेषातून येतं असं मी म्हणणार नाही. सुलतानांच्या राज्यात देवळं पडली, जुलूम झाले, कर बसले. ते विसरा असं सांगण्याचा अधिकार मला नाही. पण हे उत्तर नवं नाही, हे मात्र सांगायला हवं. पाचशे वर्षांपूर्वी एका माणसानं नेमका हाच हिशेब केला होता. होनावरचा तिमय्या, पोर्तुगीज ज्याला तिमोजा म्हणतात, त्यानं १५१० मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकेर्कला गोव्याची वाट दाखवली. गोवा तेव्हा आदिलशहाकडे. आपल्या शत्रूचा शत्रू तो आपला मित्र, समुद्रावरून आलेत तसे जातील, गोवा आपल्या हाती राहील, असं त्याचं गणित असणार. १५१० च्या वसंतात गोवा पडलं, आदिलशाही फौजेनं ते मेमध्ये परत घेतलं, आणि २५ नोव्हेंबरला आल्बुकेर्कनं ते कायमचं जिंकलं. त्यानं मुसलमानांची सरसकट कत्तल केली, हिंदूंना सोडलं. तिमय्याचा हिशेब बरोबर आला असं त्या दिवशी अनेकांना वाटलं असेल. तीस वर्षांनी, १५४० मध्ये, तिसवाडीतली देवळं पाडली गेली. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड हुडकून शिक्षा करणारं धर्मन्यायालय, आलं आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत राहिलं. आपले देव पालखीत घालून रातोरात नदीपार नेणारी जी गोमंतकीय घराणी होती, त्यांच्या दृष्टीनं ते भांडण दोन परक्यांचं नव्हतं. तिमय्या स्वतः तोवर केव्हाच बाजूला फेकला गेला होता.

आणि निजामशाही किती परकी होती? तिच्या मूळपुरुषाचा बाप विजयनगरच्या मुलखातून पकडून आणलेला ब्राह्मणाचा पोर, घराणं मूळ पाथरीचं, असं फारसी इतिहासकार फिरिश्ता लिहितो. पाथरी, परभणी जिल्ह्यातली. ती आपल्या पूर्वजांची म्हणून निजामशहांनी वऱ्हाडच्या इमादशाहीशी भांडून घेतली. मालोजी भोसले याच दरबारचे सरदार. शहाजीराजांनी बुडती निजामशाही सावरायला १६३३ मध्ये पेमगिरीवर एका लहान मुलाला गादीवर बसवलं आणि १६३६ मध्ये माहुलीला शरण जाईपर्यंत तिच्यासाठी लढले. पुणे आणि सुपे ही जहागीर निजामशाही सनदेतली. स्वराज्याची वीट ज्या जमिनीवर बसली तिचा सातबारा काढला तर आधीच्या मालकाचं नाव वगळता येत नाही. शहराचं नाव बदलता येतं. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, त्याला माझी हरकत नाही, अहिल्याबाईंचं नाव कुठल्याही गावाला शोभेल. पण पाटी बदलली म्हणून दप्तर बदलत नाही.

आता दुसऱ्या टोकाच्या मित्रांशीही थोडं भांडायला हवं. त्यांना चौल आठवतं ते १५७० च्या युतीमुळे. विजापूरचा अली आदिलशहा, अहमदनगरचा मुर्तझा निजामशहा, कालिकतचा सामुतिरी आणि लांब सुमात्रातला अचेहचा सुलतान अशा चौघांनी ठरवून एकाच वेळी पोर्तुगीजांवर उठायचं. गोवा, चौल, मलबारातलं चालियम, मलाक्का. हिंदू आणि मुसलमान राजे परकीयांविरुद्ध एकत्र आले, केवढं सुंदर चित्र! पण पाचच वर्षांपूर्वी, १५६५ मध्ये, यांतल्याच पहिल्या दोन दरबारांनी इतर सुलतानांसह विजयनगर बुडवलं होतं, आणि नंतर ते पुन्हा एकमेकांच्या मुलखावर डोळा ठेवून होते. त्यांना बंदरं हवी होती, जकात हवी होती, मक्केला जाणाऱ्या जहाजांसाठी फिरंग्यांपुढे परवाने मागायची लाज टळायला हवी होती. यात गैर काही नाही, राज्यं अशीच चालतात. त्याला एकात्मतेचा मुलामा दिला की तोही निघतो आणि खालचं धातूही दिसेनासं होतं.

खालचं धातू असं आहे.

चौल हे अत्यंत जुनं बंदर. टॉलेमीच्या भूगोलात ते आहे, कान्हेरीच्या शिलालेखांत चेमूल म्हणून आहे, दहाव्या शतकात अल मसूदी तिथं येऊन गेला. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन इथंच उतरला. घाट चढून जुन्नरला गेला तर तिथल्या खानानं तो घोडा काढून घेतला. हा घोडा लक्षात ठेवा, कारण दख्खनच्या राजकारणाची मेख त्यात आहे. इथं चांगला घोडा पैदा होत नव्हता. तो अरबस्तानातून, इराणमधून जहाजानं यायचा. घोडदळावर उभ्या राहिलेल्या राज्यांची नाडी समुद्रात होती आणि समुद्राचं त्यांना काही पडलेलं नव्हतं. वाहतूक व्यापारी करतात, आपण जकात घ्यावी, एवढाच संबंध. पोर्तुगीजांना हे आल्या आल्या कळलं. त्यांनी घोड्यांचा व्यापार गोव्याकडे वळवला आणि १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहानं चौलच्या खालच्या बाजूला, आजच्या रेवदंड्यात, त्यांना कोट बांधायची परवानगी दिली. बदल्यात चौलला घोडे उतरायला हवेत. म्हणजे पन्नास वर्षांनी जो कोट पाडायला मुर्तझा फौज घेऊन आला, तो त्याच्या आजानंच घोड्यांच्या बदल्यात बांधू दिला होता.

डिसेंबर १५७० मध्ये फरहादखानाची आघाडीची फौज चौलला पोचली, पाठोपाठ मुर्तझा स्वतः. पोर्तुगीज इतिवृत्तकार निजामशाही सैन्याचा आकडा लाखाच्या वर नेऊन ठेवतात. विजेत्याच्या लेखणीत शत्रूची फौज फुगतेच, त्यातून निम्मी वजा केली तरी ती प्रचंड होती. आत पोर्तुगीज सुरुवातीला काहीशे, नंतर कुमक येऊन हजाराच्या आसपास. गावाला जमिनीच्या बाजूनं धड तटबंदी नव्हती. त्यांनी चर खणले, घरं आणि मठ यांचेच बुरूज केले. तिकडे गोव्यात व्हाइसरॉय लुईश द आताईद आदिलशहाच्या वेढ्यात. चौल सोडून द्या, सगळी माणसं गोव्याला आणा, असं त्याच्या सल्लागारांचं मत पडलं. त्यानं ऐकलं नाही. उलट चौलला सहाशे माणसं जहाजांतून धाडली, आणि वेढा चालू असताना मिरी भरून लिस्बनला जाणारी वार्षिक जहाजंही नेहमीसारखी रवाना केली. हे मला फार बोलकं वाटतं. ज्याच्या राजधानीला वेढा पडला आहे तो नेहमीची डाक चुकू देत नाही, कारण वेढा फक्त जमिनीकडून आहे. समुद्राच्या बाजूचं दार सताड उघडं.

सहा-सात महिने घराघरांतून लढाई झाली. सुरुंग, तोफा, रोजची मारामारी. निजामशाही तोफखाना हलका होता असं कुणी समजू नये. विजापुरात आज जी मुलूखमैदान तोफ बघायला आपण जातो, ती १५४९ मध्ये अहमदनगरलाच ओतलेली. तोफा होत्या, दारूगोळा होता, माणसं होती, पैसा होता. सामुतिरीचं एक आरमारही मदतीला येऊन गेलं, थोडे दिवस राहिलं आणि परतलं. जूनअखेर निर्वाणीचा हल्ला झाला, तो परतवला गेला, आणि जुलै १५७१ मध्ये तह. पोर्तुगीज जिथं होते तिथं राहिले.

का हरलो, याचं फिरिश्ता एक कारण देतो: निजामशाही अंमलदारांना पोर्तुगीजांनी नजराणे दिले, विशेषतः दारू, आणि त्यांनी रात्री किल्ल्यात रसद जाऊ दिली. मराठी वाचकाला हे कारण लगेच पटतं. आपल्या प्रत्येक पराभवाच्या मुळाशी एक फितूर असावा लागतो. सूर्याजी पिसाळ हे नाव तर आपल्याकडे विशेषण होऊन बसलं आहे. फितुरी होत नव्हती असं नाही, आणि दारूही आली असेल, पोर्तुगालची दारू दख्खनी उमरावांना नक्कीच आवडली असेल. पण जरा विचार करा. ज्या कोटाच्या मागच्या धक्क्याला गोव्याहून, वसईहून जहाजं लागत होती, धान्य, दारूगोळा, ताजी माणसं उतरत होती आणि जखमी परत जात होते, त्याला कुणा अंमलदाराच्या मेहेरबानीनं चार पोती मिळाली काय आणि न मिळाली काय? फिरिश्ता लहानपणी अहमदनगरच्या दरबारात वाढला, त्यानं लिहिलं विजापुरात बसून. तो खोटं बोलत नाही. घाटमाथ्यावरचा माणूस पराभवाचं कारण जमिनीवर शोधतो, एवढंच. समुद्र त्याच्या हिशेबातच येत नाही. मला तर वाटतं, निजामशहाच्या पराभवाचा सगळ्यात मोठा पुरावा हाच आहे, की पराभवाचं कारण सांगतानाही त्याच्या बाजूच्या माणसाला पाणी दिसलं नाही.

यात आणखी एक पेच आहे, तो कोकणात राहिलेल्याला सहज कळेल. जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत शिडाची जहाजं आपल्या किनाऱ्यावर चालत नाहीत. त्या काळात चौलला गोव्याहून कुमक जवळपास अशक्य. वेढ्याला याहून चांगले दिवस नाहीत. पण त्याच दिवसांत बोरघाटातून तोफा उतरवून दाखवा! बैलाचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलात, खाड्यांना पूर, घोड्यांच्या खुरांना सड. घाटावरच्या फौजेला मोकळा असतो तो काळ दसऱ्यापासून वैशाखापर्यंतचा, आणि नेमक्या त्याच काळात समुद्रही मोकळा असतो. फौज येते तेव्हा रसदही येते. रसद थांबते तेव्हा फौज खचलेली असते. मुर्तझा डिसेंबरात आला आणि जुलैत, ऐन पावसात, समुद्र बंद असताना तह करून गेला. पुरती कोंडी करता येईल असे जेमतेम दोन महिने निसर्गानं त्याला दिले, तोवर त्याच्या सैन्याचा दम संपला होता.

माझ्या या म्हणण्याला त्याच वर्षीचा एक दाखला आहे. चौघांपैकी हिंदुस्थानात एकजणच जिंकला, तो सामुतिरी. कालिकतजवळच्या चालियमच्या पोर्तुगीज किल्ल्याला त्यानं वेढा घातला तो १५७१ च्या ऐन पावसाळ्यात. त्याला घाट उतरायचा नव्हता, तो किनाऱ्यावरचाच राजा, त्याची माणसं, त्याचे आरमारप्रमुख मरक्कार यांचे खलाशी, खाडीचं पाणी ओळखणारे. गोव्याची मदत पोचेपर्यंत सप्टेंबरात किल्ला पडला होता, आणि त्यानं तो दगड न दगड उखडून टाकला. सगळ्यात पक्कं काम त्यानंच केलं. युरोपात १५७१ हे साल लेपांतोच्या आरमारी लढाईमुळे अजरामर आहे, तिची चित्रं व्हेनिसच्या भिंतींवर आहेत. चौलचा तह त्याच्या अडीच महिने आधीचा. आताईदचं लिस्बनला मोठ्या सन्मानानं स्वागत झालं. चालियमचं काय? मलबारबाहेर ते नाव किती जणांना माहीत आहे?

तहानंतर दोन्ही सुलतानांनी जे केलं त्यातून त्यांची खरी भूक कळते. मुर्तझानं वर्षा-दोन वर्षांतच वऱ्हाडवर स्वारी करून १५७४ पर्यंत इमादशाही गिळली. आदिलशहा कर्नाटकात दक्षिणेकडे वळला. जमीन जिंकली की महसूल येतो, तो मोजता येतो. समुद्र जिंकून काय मिळतं हे त्यांच्या दफ्तरात लिहायला रकानाच नव्हता. पुढे दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहानं खाडीच्या पलीकडच्या कोर्लईच्या डोंगरावर किल्ला चढवून रेवदंड्यावर तोफा रोखल्या. कल्पना उत्तम. १५९४ च्या सप्टेंबरात, समुद्र उघडता उघडता, पोर्तुगीजांनी जहाजांतून माणसं आणून तो किल्लाच घेतला. आज आपण ज्याला पोर्तुगीजांचा कोर्लई किल्ला म्हणतो, त्याची सुरुवात निजामशहाची आहे.

एवढं सगळं शाळेत यायला हवं, असं माझं म्हणणं आहे. अभिमानासाठी नाही. यात अभिमान वाटण्यासारखं फार थोडं आहे. ते यायला हवं कारण त्याशिवाय पुढचं कळत नाही. चौथीच्या पुस्तकात महाराजांनी आरमार उभारलं हे वाक्य येतं तेव्हा ते आकाशातून पडल्यासारखं येतं. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती येताच, घाटावर जन्मलेला, आयुष्यभर घोड्यावर बसलेला माणूस खाडीत गलबतं का बांधायला घेतो? त्यासाठी पोर्तुगीज कारागीर नोकरीला का ठेवतो, आणि वसईचे पोर्तुगीज ते कारागीर घाईघाईनं का फोडून नेतात? पोर्तुगीज घाबरले ते त्यांना चौल आठवत होतं म्हणून. जवळपास दीडशे वर्षं दख्खनच्या प्रत्येक राजाला ज्या प्रश्नानं हरवलं, तो प्रश्न पहिल्यांदा कुणीतरी बरोबर वाचला होता. मुलांना आपण उत्तर पाठ करायला लावतो आणि प्रश्न खोडून टाकतो. मग उत्तराचा चमत्कार होतो आणि महाराजांच्या बुद्धीची थोरवी कमीच कळते. चमत्काराला बुद्धी लागत नाही. शिवकाळानंतर रामचंद्रपंत अमात्यांनी आरमाराला राज्याचं स्वतंत्र अंग म्हटलं आणि ज्याच्यापाशी आरमार त्याचा समुद्र असं बजावलं, ते वाचताना मला तरी पाठीमागे चौलचे चर दिसतात.

आणि उत्तर सापडलं म्हणून ते लगेच सुटलं असंही नाही. जंजिऱ्यापुढे महाराज थांबले, संभाजीराजांनी १६८२ मध्ये समुद्रात भराव घालून सेतू बांधू पाहिला. पुन्हा तोच चौलचा पेच: पाण्यातून पोसला जाणारा किल्ला जमिनीवरून उपाशी मारता येत नाही. तो सुटला १७३९ मध्ये वसईला, आणि कसा सुटला ते बघण्यासारखं आहे. आधी १७३७ मध्ये ठाणं आणि साष्टी घेऊन खाड्या ताब्यात. मग वसईला वेढा. त्याच वेळी व्यंकटराव घोरपडे आणि दादाजीराव भावे यांची फौज गोव्याच्या मुलखात, म्हणजे गोव्याला वसईकडे बघायला सवड नाही. हा १५७० चाच आराखडा, दोन आघाड्या, एक वेळ. फरक एवढाच की या वेळी दोन्ही आघाड्या एकाच सरकारच्या होत्या, कुणी मधेच तह करून वऱ्हाडात निघून जाणारं नव्हतं, आणि खाडीतल्या पाण्यावर आंग्र्यांची गलबतंही होती. मेमध्ये, पावसाच्या तोंडावर, वसई पडली. पुढच्या वर्षी तहानं चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आलं. १५७० च्या त्या सुलतानांचं अर्धवट राहिलेलं काम चिमाजीअप्पांनी पुरं केलं, असं वाक्य लिहिलं तर दोन्हीकडचे लोक माझ्या अंगावर येतील. पण सैनिकी दृष्टीनं ते खरं आहे.

रेवदंड्याच्या कोटात आता नारळ-सुपारीच्या वाड्या आहेत. सातखणी म्हणतात तो चर्चचा मनोरा माडांच्या वर डोकं काढून आहे. चौलकडे निजामशाही हमामखान्याचे घुमट आहेत, आणि निकितिनच्या स्मरणार्थ रशियनांनी बसवलेला दगडही रेवदंड्यात आहे. हजारो मैलांवरच्या लोकांनी, पाचशे वर्षांपूर्वी एक घोडा घेऊन आलेल्या आपल्या व्यापाऱ्याची आठवण ठेवली. वेढ्याची आठवण सांगणारी साधी पाटी मला कुठे दिसली नाही. दोन ओळी पुरतील: इथं अमुक साली अमुक घडलं, कोट या बाजूला, फौज त्या बाजूला. दोन्ही बाजू मराठीत, कुणाला वीर आणि कुणाला म्लेच्छ न म्हणता.

पाटी लावली तर तिसऱ्या बाजूचीही लावावी लागेल. कोर्लईच्या पायथ्याच्या गावात एक भाषा बोलली जाते, पोर्तुगीज शब्दांची आणि मराठी वळणाची. पोर्तुगीज १७४० मध्ये गेले. त्यांच्या पदरी असलेले, बाटलेले, इथलेच गरीब लोक मागे राहिले. त्यांना न्यायला कुणाचं जहाज आलं नाही. पावणेतीनशे वर्षं भोवती मराठी असताना त्या शेकडो माणसांनी ती बोली जपली, तिच्यात नवरा-बायको भांडतात, मासळीचा भाव ठरतो. भाषेला त्यांनी नाव दिलं आहे ‘नो लिंग’. अर्थ विचारला तर सांगतात, आपली भाषा.